उघड्या मातीवरचं बाळ

पुण्यात आमच्या गुरुवार पेठेतल्या घरात, नाताळच्या एका जुन्या कार्डावरून कापून चौकटीत बसवलेलं येशूजन्माचं चित्र होतं. आजी ते पुसताना दरवर्षी कळवळायची, "लेकराला भुईवर निजवलंय गं, गार लागत असेल."

खरंच, त्या चित्रात बाळ गव्हाणीत नाही. मरियेनं आपला निळा झगा उघड्या मातीवर पसरलाय, त्याच्या टोकावर ते उघडंच पडलंय. पाच देवदूत गाताहेत, वाजवताहेत, पण एकालाही पंख नाहीत. त्यांच्या मागे गाढव तोंड वर करून ओरडतंय. योसेफ खोगिरावर पायावर पाय टाकून बसलाय, त्याचा तळवा आपल्याला दिसतो. दिवसभर चाललेल्या माणसाचा तळवा आहे तो.

चित्रकार पियेरो देल्ला फ्रान्चेस्का, हे मला कॉलेजात कळलं. मूळ चित्र १४८० नंतरचं, आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत. मागच्या टेकड्या आणि गाव बेथलेहेमचं नव्हे, इटलीचं. पियेरोनं येशूला आपल्याच मुलखात जन्माला घातलं, आणि जगानं ते बिनबोभाट स्वीकारलं.

आंजेलो द फोन्सेकाच्या वाट्याला हे आलं नाही. १९०२ साली गोव्यात जन्मलेला, शांतिनिकेतनात शिकलेला हा चित्रकार. त्याची मरिया साडी नेसते, डोक्यावर पदर घेते. गोव्यातल्या धर्ममंडळींना ते रुचलं नाही. त्याच गोव्यात १६१६ साली फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं होतं, येशूचा जन्म मराठी ओवीत सांगणारं. ओवी चालली, साडी मात्र तीनशे वर्षांनंतरही चालेना! मला याचा आजही राग येतो.

फोन्सेका पुण्याला आला आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून रंगवत राहिला. १९६७ साली तो गेला. माझ्या शाळेच्या वाटेवरचा आश्रम तो. पण आत कोण राहून गेलं, हे कुणी सांगितलंच नाही. त्याची चित्रं मी पन्नाशीत पाहिली, तीही गोव्यात पर्वरीला, झेवियर सेंटरमध्ये. तिथे त्यांचा मोठा संग्रह आहे, पत्नी आयव्ही यांनी सोपवलेला. कागदावरचे पातळ जलरंग, मातकट, शांत. त्या मरियेच्या चेहऱ्यात मला आमच्या चर्चमधल्या बायका दिसल्या.

पुण्यात नाताळला कॅम्पात गर्दी लोटते, गोठे सजतात. त्याच दिवसांत फोन्सेकाची चार चित्रं इथे, या शहरात मांडली जावीत, एवढंच मागणं आहे.