टायमिंग माझं चुकत नव्हतं

“मावशी, टायमिंग चुकतंय तुमचं.” त्या पोराने हे इतक्या सहज म्हटलं की अजून आठवलं तरी डोकं तापतं. मी पाचवीपासून लेझीम खेळलेली, पुढे शाळेतल्या मुलींची पथकं बसवलेली बाई. माहेर इंदापूर तालुक्यातल्या बेलवाडीचं. आषाढात तुकोबारायांच्या पालखीचं गोल रिंगण आमच्याच गावात होतं. टाळकऱ्यांच्या पावल्या बघत आणि मधूनच त्यांच्यात घुसत मी वाढले. माझं बाकी काहीही चुकेल, ठेका नाही.

मुलगा पुण्यात नोकरीला. बारामतीहून स्वारगेटची विनाथांबा पकडून त्याच्याकडे गेले होते. रविवारी त्याने एका मॉलमधल्या गेम झोनमध्ये नेलं. तिथे ते नाचायचं मशीन. पायाखाली चार बाण: पुढे, मागे, डावा, उजवा. पडद्यावर खालून बाण वर सरकत येतात, वरच्या बाणांवर बरोबर बसले की त्याच क्षणी तो पाय टाकायचा. कोनामी या जपानी कंपनीने १९९८ साली ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ आणलं, तिथून या खेळाचं वेड पसरलं. पुढच्याच वर्षी कोरियात ‘पंप इट अप’ निघालं, त्यात कोपऱ्यांत चार आणि मधोमध एक अशा पाच पट्ट्या. बारामतीत मी तरी असलं काही पाहिलेलं नाही, इंदापूरचं तर सोडाच.

चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि चढले. पुढचा, मागचा, उजवा, सगळे ‘परफेक्ट’, फार तर ‘ग्रेट’. डावा आला की ‘मिस’. पुन्हा डावा, पुन्हा ‘मिस’. पडद्यावरची शक्तीची पट्टी उतरत उतरत संपली आणि गाणं मध्येच तुटलं. मुलगा म्हणाला, “आई, जोरात मार.” कार्ड पुन्हा घासलं, जोरात मारलं, टाच दुखायला लागली. गाणं तुटलंच. मग मी पाय सरकवून सरकवून बघितलं. पायाखालच्या डाव्या पट्टीच्या मध्यावर काहीच लागत नव्हतं, अगदी बाहेरच्या कडेवर मात्र लागत होतं. पट्टीखालचे सेन्सर कडेकडेने बसवलेले असतात, त्यातला एखादाच जिवंत राहिला असणार. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं होतं की पट्टी खराब आहे.

तिथल्या मुलाला बोलावलं. तो आला, दांडीला धरून एकदा बूट आपटला. बूट पडला नेमका कडेवर. दिवा लागला. “चालू आहे,” म्हणाला, आणि वर ते वाक्य. मी त्याच्यासमोर मध्यावर पाय टाकून दाखवला. एकदा, दोनदा, तीनदा. दिवा नाही. तो दिव्याकडे बघेचना, पडद्यावरच्या ‘मिस’कडे बोट दाखवत राहिला. पैसे कार्डवर परत टाक म्हटलं, तर तसं होत नाही म्हणे. आमच्या भागात उसाच्या काट्यावर असंच होतं. वजन कमी भरलं म्हणून शेतकरी तंडतो आणि काट्यावरचा माणूस नुसता आकडा दाखवतो.

पण खरी कमाल पुढेच. मागे रांगेत उभा असलेला शाळकरी पोरगा म्हणाला, “आंटी, लेफ्ट लागत नाही, आम्ही साइडनेच मारतो.” म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! त्या पोरांनी खराब पट्टीची सवय लावून घेतली होती आणि एकानेही तक्रार केली नव्हती. मला त्या नोकरी करणाऱ्या मुलापेक्षा या पोरांचाच जास्त राग आला. परतीच्या गाडीत वाटलं, काय चुकलं त्यांचं, त्यांना खेळायचं होतं. आज विचाराल तर पुन्हा रागच येतो.

मुलानेच मग कॉम्प्युटरला जोडायची नाचायची मॅट आणून दिली आणि ‘स्टेपमेनिया’ हा फुकट मिळणारा प्रोग्राम टाकून दिला. कुणाला सुरुवात करायची असेल तर सांगते. प्रत्येक पावलानंतर मध्ये परत येऊ नका. लेझमीत पाय मूळ जागी येतो, माझ्या अंगात तेच मुरलेलं. इथे पाय बाणावरच राहू द्यायचा आणि पुढचा बाण दुसऱ्या पायाने घ्यायचा. दुसरं, बाण सरकायचा वेग वाढवा. ऐकायला उलटं वाटतं, पण त्याने बाण एकमेकांपासून लांब होतात आणि वाचता येतात. गाणं तेवढ्याच वेगाने चालतं. तिसरं, टीव्हीवर जोडलंत तर चित्र आवाजाच्या मागे पडतं. टीव्हीचा गेम मोड लावा, तरी नाही जमलं तर प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये तो फरक मिटवता येतो.

आधी मी म्हणायचे, हा नाच नव्हेच, ही तर हजेरी. पावलीत मृदंगवाला लय चढवतो तशी अख्खी रांग चढते, कोण किती मिलिसेकंद मागे हे कुणी मोजत नाही. हे सगळं म्हणून झालं, आणि आता जेवणं आटोपल्यावर त्याच मिलिसेकंदांसाठी मी एकच गाणं पुन्हा पुन्हा लावते. यजमान बातम्या सोडून आतल्या खोलीत जातात.

शेजारची सातवीतली मुलगी येते खेळायला. लेझमीच्या पथकात कधी उभी न राहिलेली. परवा म्हणाली, “काकू, पावल्या शिकवा ना, मग मी हार्डवर जाईन.” पावलीचा इथे उपयोग नाही, असं मी तिला सांगितलं. तिला पटलं नाही, आणि खरं तर मलाही नाही. मॅटचं मात्र दोघींना पटलंय. खाली सतरंजी टाकली की मॅट सरकते, तेव्हा चारी कोपरे फरशीला चिकटपट्टीने चिकटवायचे आणि खालच्या मजल्यावर कोण राहतं ते आधी बघून घ्यायचं.