अवधाण

पायांत काटा मोडावा किंवा बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हाव्यात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं जांघेंत सुपारीएवढी दुखरी गांठ यावी, हा प्रकार आमच्यासारख्या मोठ्या कुटुंबांत दर पावसाळ्यांत घडतो. यास अवधाण म्हणतात. अवधाण आलें कीं वडीलधाऱ्या बायका तेल कोमट करून ती गांठ चोळावयास बसतात. पायाकडे मात्र कोणी पाहत नाहीं. या चोळण्याविरुद्ध आम्ही घरांत पुष्कळ वाद घातला आहे.

वस्तुतः ही गांठ नव्यानें उगवलेली नसते. अशा सुमारें ६०० ग्रंथि आपल्या शरीरांत असतात. मान, कांख, जांघ व पोट येथें त्या दाट आहेत. रक्तवाहिन्यांतून पाझरलेला पातळ रस, म्हणजे लसीका, बारीक नळ्यांतून या ग्रंथींत गाळला जातो व गळ्याच्या पायथ्याशीं पुन्हां रक्तास मिळतो. त्याला ढकलणारें हृदय नाहीं. नळ्यांचें आकुंचन, त्यांतील झडपा आणि आपलें हिंडणें-फिरणें यांवरच तो पुढें सरकतो. जखमेंतील जंतु या रसाबरोबर ग्रंथींत येतात. तेथें कांहीं श्वेतपेशी त्यांस गिळतात. कांहीं त्यांस ओळखून आपली संख्या झपाट्यानें वाढवितात व मारक प्रतिद्रव्यें तयार करतात. गांठ फुगते ती या सैन्यभरतीमुळें. छावणी चोळून लढाई कशी जिंकणार? जांघेंत गांठ आली तर पाय तपासावा, मानेंत आली तर दांत, घसा व डोकें.

हें ठाणें नेहमीं टिकतेंच असें नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत ग्रंथिक सन्निपात शिरला, तेव्हां पिसवांच्या दंशावाटे आलेले जंतु याच गांठींत माजले. आजही पायावरून लाल रेघ वर चढूं लागली व ताप भरला, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. न दुखणारी गांठ दोन-तीन आठवडे तशीच राहिली तरीही दाखवावी. मानेंतील गंडमाळा बहुधा क्षयाच्या असतात. सहा महिने नेमानें औषध घेतल्यास त्या बहुतेक बऱ्या होतात. पण मुलगी लग्नाची आहे म्हणून ती गांठ पदराआड झांकणारीं सुशिक्षित घरें आमच्या पाहण्यांत आहेत, आणि तेथें तेच सहा महिने स्थळें पाहण्यांत जातात.