ताक आणि भाकरी

महसूल खात्यात नोकरी धरलेल्या माणसाचे बिऱ्हाड एका ठिकाणी फार दिवस टिकत नाही. बदलीचा हुकूम हाती पडला की ट्रंका, वळकट्या, पाटा-वरवंटा आणि देव्हाऱ्यातले देव यांची बांधाबांध होते, आणि नव्या तालुक्याच्या गावी सामान उतरते न उतरते तोच गृहिणीला शेजारच्या दारात जावे लागते ते विरजणासाठी. माझ्या पत्नीने ही मागणी जितक्या अनोळखी दारांत केली, त्यांपैकी एकाही दारातून ती रित्या वाटीने परतल्याचे मला स्मरत नाही. फार तर दिवे लागल्यानंतर ती गेली असेल, तर "आता तिन्हीसांजेचं नको, वहिनी, सकाळी उजाडल्यावर न्या," असे उत्तर मिळे, आणि सकाळी शेजारीण स्वतःच वाटी घेऊन येई. त्या वाटीबरोबर त्या मुलखातले असंख्य सूक्ष्म जीव आमच्या घरात आणि आमच्या उदरात प्रवेश करीत, ही गोष्ट तेव्हा तिलाही ठाऊक नव्हती आणि मलाही.

ताकाचा आणि माझा संबंध मात्र त्याहून जुना. सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठी आमचे घर होते, आणि त्या घरात विरजण लावणे हे आजीचे काम होते. ते तिने सुनांवर कधी सोपवले नाही. रात्रीची जेवणे आटोपली की चुलीच्या वैलावर मंद तापलेले दूध ती खाली उतरवी, करंगळी बुडवून त्याची ऊब पाही, गाडग्याच्या आतल्या अंगाला आदल्या दिवसाचे दही बोटाने फिरवून लावी, आणि मग दूध ओतून, वर झाकणी ठेवून, थंडीच्या दिवसांत ते गाडगे जुन्या घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवी. दूध फार कढत असेल तर विरजण मरते आणि फार निवले असेल तर ते लागत नाही, एवढे जीवशास्त्र तिच्या करंगळीला अवगत होते. पहाटे घुसळखांबाला बांधलेल्या रवीचा आवाज सुरू होई. लोण्याचा गोळा निघे तो घरातल्यांसाठी आणि ताक निघे ते निम्म्या आळीसाठी. ताक विकायचे नसते, हा त्या काळी गावोगावचा शिरस्ता होता; ज्याच्या घरी दुभते नाही त्याने लोटा घेऊन यावे आणि भरून न्यावा.

आम्हा मुलांची न्याहारी म्हणजे रात्रीची ज्वारीची भाकरी कुस्करून तीत हे ताक, वर मीठ आणि बुक्कीने फोडलेला कांदा. या न्याहारीतला मोठेपणा सर्वजण ताकाला देत, भाकरीला कोणी देत नसे. आयुर्वेदानेही ताकाचा पुरेपूर गौरव केला आहे; चरकसंहितेत अर्श आणि ग्रहणी या दोन्ही विकारांच्या चिकित्सेत तक्राला मानाचे स्थान आहे. भाकरी मात्र गरिबाचे अन्न म्हणून राहिली, आणि थोडी ऐपत येताच ताटातून सर्वांत आधी तीच उठली. माझ्या मते या न्याहारीत ताकाइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, मान भाकरीचा होता, आणि तो तिला मिळावा म्हणून हा लेख मी लिहीत आहे.

नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राचे बरेच जिल्हे मी तिथल्या पंगतीला बसून पाहिले. खानदेशात दादर ज्वारीची भाकरी आणि ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी, सोबत ठेचा. कोकणात नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि सकाळच्या वेळी उकड्या तांदळाची पेज. विदर्भात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ज्वारीची आंबील. जमीन, पाऊस आणि बोलीची धाटणी या सर्वांत अंतर असलेल्या या मुलखांच्या अन्नात दोन गोष्टी मात्र समान होत्या: काहीतरी आंबवलेले आणि काहीतरी चोथ्याचे, भरड, सालीसकटचे. फिरतीवर असताना दिवसभर पायपीट करून एखाद्या पाटलाच्या ओसरीवर जे जेवण होई, त्याने पोट कधी जड झाले नाही. पुढे हुद्दा वाढला, जीप आली, विश्रामगृहातला पाव आणि मैद्याचे पदार्थ आले, जेवणाच्या वेळा रात्री उशिरा सरकल्या. आणि माझ्या बरोबरीच्या बहुतेक अधिकाऱ्यांच्या टेबलाच्या खणात आम्लपित्ताच्या गोळ्या दिसू लागल्या.

१९७२ च्या दुष्काळाचे मात्र विस्मरण होत नाही. माण तालुक्यात खडी फोडण्याच्या कामांवर हजेरीपटाचे काम माझ्याकडे होते. वैरण संपली, गुरे छावण्यांत गेली अथवा कवडीमोलाने विकली गेली, आणि त्यांच्यामागे गावातून ताक नाहीसे झाले. शिधावाटपाच्या दुकानात अमेरिकेहून आलेली मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांवर माणसे जगली. एका म्हाताऱ्या बाईने माझ्याजवळ पैशाची वा धान्याची तक्रार केली नाही. "साहेब, वरीस झालं, ताकाचा थेंब न्हाई तोंडात," एवढेच ती म्हणाली. शासनाच्या कोणत्याच नमुन्यात त्या तक्रारीला रकाना नव्हता.

पुढे काही वर्षांनी मला विषमज्वर झाला. क्लोरँफेनिकॉलने मी वाचलो, आणि प्रतिजैविकांविषयी माझ्या मनात आजही कृतज्ञताच आहे. ज्या पिंपरीत १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले, तिच्यावरून आगगाडीने जाताना माझ्या पिढीतली कित्येक माणसे मनोमन हात जोडीत. पण ज्वर उतरला तरी पोट काही केल्या ठिकाणावर येईना. वयोवृद्ध डॉक्टर म्हणाले, "रावसाहेब, औषधानं शत्रू मेले, पण त्यांच्यासंगे तुमचे चाकरही गेले. आता मऊ भात घ्या, ताजं ताक घ्या, आणि जरा बरं वाटलं की भाकरीवर या. लवकर या." ताकाचे कारण मी विचारले तेव्हा त्यांनी मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञाचे नाव सांगितले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणाऱ्या या पंडिताला १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते रक्तातील भक्षक पेशींवरील संशोधनासाठी. पण बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकरी आंबवलेले दूध पितात हे ध्यानी घेऊन, मोठ्या आतड्यात चालणारे कुजणे आणि त्यातून येणारे वार्धक्य दह्यातील जीवाणूंनी रोखता येईल, असा सिद्धांत त्याने मांडला होता. त्या दह्यातला जीवाणू ग्रिगोरोव्ह नावाच्या बल्गेरियन तरुणाने १९०५ साली जिनिव्हात शोधून काढला होता.

डॉक्टरांच्या त्या उत्तरातले पहिले अर्धे मी अनेक वर्षे लक्षात ठेवले. "भाकरीवर या" या दुसऱ्या अर्ध्याचा उलगडा निवृत्तीनंतर सवडीने वाचू लागलो तेव्हा झाला. मेचनिकॉव्हच्या मागून आलेल्या संशोधकांनी थोड्याच वर्षांत दाखवून दिले की तो बल्गेरियन जीवाणू माणसाच्या आतड्यात मुक्काम करीत नाही. तो वाटसरू आहे. येतो, जाता जाता काही उपकार करतो आणि निघून जातो. दुधातली जी शर्करा अनेकांना सोसत नाही तिचा काही भाग विरजणाचे जीवाणू आधीच फोडून ठेवतात, म्हणून दूध न पचणाऱ्यालाही ताक बाधत नाही, हा त्या उपकारांपैकी एक. पण आतड्यातले कायमचे रहिवासी निराळे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी २०१६ साली केलेल्या हिशेबाप्रमाणे एका माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लक्ष कोटी जीवाणू राहतात, शरीराच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लक्ष कोटी, आणि या सर्व जीवाणूंचे एकत्र वजन पावशेरालाही थोडे कमीच भरते.

हे रहिवासी जगतात कशावर? आपण जे पचवू शकत नाही त्यावर. धान्याचा कोंडा, डाळींची साले, भाज्यांचे तंतू, निवलेल्या भाकरीतला आणि शिळ्या भातातला न विरघळणारा पिष्टांश हे सारे लहान आतड्यातून तसेच पुढे सरकते, आणि मोठ्या आतड्यात त्याचे किण्वन होऊन काही लघुशृंखल मेदाम्ले तयार होतात. त्यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य अन्न. ते अस्तर आपण जेवून पोसत नाही, जीवाणू त्याला पोसतात. चोथा मिळेनासा झाला की त्यांतले काही जीवाणू आतड्यावरचा बुळबुळीत संरक्षक थरच खाऊ लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. अमेरिकेतील २० कृष्णवर्णीय नागरिक आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील २० माणसे यांच्या आहाराची दोन आठवड्यांपुरती अदलाबदल करण्यात आली. अमेरिकनांच्या ताटात मका आणि कडधान्ये आली, दिवसाचा चोथा १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर गेला, आणि त्यांच्या आतड्यातील ब्युटिरेट अडीचपट झाले. आफ्रिकनांच्या ताटात मांस आणि चरबी आली, आणि त्यांचे निम्म्यावर उतरले. फक्त दोन आठवड्यांत!

या वस्तीची पायाभरणी मात्र फार लवकर होते. थोरल्या लेकीचे पहिले बाळंतपण आमच्याकडे झाले तेव्हा माझी आई हयात होती. दुपटे बदलताना ती थांबे आणि समाधानाने म्हणे, "आंबूस वास आहे गं, बाळ अंगावर चांगलं पितंय." तो आंबूस वास का येतो, याचे उत्तर पाश्चर संस्थेतल्याच तिसिए या वैद्याच्या शोधात आहे; अंगावर पिणाऱ्या अर्भकांच्या शीत इंग्रजी वाय या अक्षरासारखे दुभागलेले जीवाणू त्याला १८९९ साली विपुल आढळले. मातेच्या दुधातील घन घटकांत दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल क्रम लागतो तो अशा संयुक्त शर्करांचा, ज्या बाळाला स्वतःला मुळीच पचत नाहीत. बाळाबरोबर त्याच्या पोटातल्या जीवाणूंचेही पोषण आईच्या दुधातून व्हावे, ही निसर्गाची योजना वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

माझी एक पुतणी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात स्थायिक आहे. पहिल्या हिवाळ्यात तिने हिरव्या मिरच्यांचे देठ कोमट दुधात टाकून विरजण जमवले, आणि त्याची हकीकत मोठ्या अभिमानाने फोनवर सांगितली. त्याच राज्यात, आग्नेय आशियातून येऊन राहिलेल्या मोंग आणि कारेन लोकांवर झालेले संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झाले. स्थलांतरानंतर काही महिन्यांतच त्यांच्या आतड्यातील जीवाणूंची विविधता घटू लागली, आणि त्यांच्या मुलांत ती आणखी घटली. मी पुतणीला कळवले की विरजण जमले हे उत्तमच, आता ज्वारीचे पीठ कुठे मिळते तेही पाहा. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२१ साली ३६ जणांवर झालेल्या दहा आठवड्यांच्या अभ्यासात आंबवलेल्या पदार्थांनी जीवाणूंची विविधता वाढली, नुसत्या चोथ्याने ती सरासरीने वाढली नाही, हेही मी तिला कळवले. कारण ज्यांच्या पोटातून चोथा फोडणारे जीवाणूच नाहीसे झाले, त्यांना एकट्या भाकरीनेही फारसे साधत नसावे. दोन्ही एकत्र हवीत, आणि आमच्या आळीच्या न्याहारीत ती एकत्रच होती.

आज माझ्या नातवंडांच्या शहरात ताक पिशवीत मिळते आणि भाकरी हॉटेलात हौसेने खाल्ली जाते. त्याबद्दल मी कोणाला बोल लावीत नाही. पण पुरवठा शाखेच्या ज्या खुर्चीवर एके काळी मी बसलो, तिथे आज बसणाऱ्या माझ्या धाकट्या सहकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: शाळांच्या पोषण आहाराची दरखास्त तुमच्यासमोर येईल तेव्हा ज्या जिल्ह्यात ज्वारी पिकते तिथल्या मुलांना ज्वारी, जिथे नाचणी पिकते तिथे नाचणी, सालीसकट कडधान्य आणि शक्य असेल तिथे पेलाभर ताक मिळावे, असा शेरा त्या कागदावर अवश्य लिहा, आणि तो कागद दप्तरात पडून राहू देऊ नका.