अंगणातली तालीम

'तालीम' या शब्दाला कोल्हापुरात दोन घरं आहेत. उर्दू शाळेत तालीम म्हणजे शिक्षण. पेठेत तालीम म्हणजे लाल मातीचा हौदा, जोर-बैठका आणि वस्ताद. बाबूजमालसारख्या ठिकाणी तर दर्गा आणि तालीम शेजारी-शेजारी. आम्हा इथल्या मुसलमानांना दोन्ही अर्थ एकदमच कळतात. पहिला कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो, हे कुणी विचारत बसत नाही. घरात चार कुत्री झाल्यापासून आम्हाला या शब्दाचा तिसरा अर्थही सापडला. थोरली कुत्री पिल्लाला जे देतात, त्याला तालीमच म्हणावं लागतं.

मुसलमानाच्या घरी चार कुत्री, हे ऐकून पाहुण्यांच्या भुवया वर जातात. 'कुत्रं असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत' हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की, आता समोरच्यानं तोंड उघडण्याआधीच चहाचं आधण टाकतो. वाद घालत नाही. आम्ही हनफी, आमच्या मसल्याप्रमाणे कुत्र्याची लाळ नापाक, ती लागली तर धुवायचं. रत्नागिरीकडचे आमचे सोयरे शाफई. त्यांच्याकडे सात वेळा धुणं आणि त्यात एकदा माती. मालिकी मात्र कुत्र्याला नापाक धरत नाहीत. म्हणजे मोठमोठ्या इमामांचं ज्यात एकमत झालं नाही, ते आमच्या सोप्यात बसून चहाच्या कपावर कसं व्हायचं? आम्ही घराची वाटणी करून टाकली. अंगण आणि परडं कुत्र्यांचं, सोप्याच्या उंबऱ्यापासून आत माणसांचं. नमाजची खोली त्याच्याही आत.

उंबऱ्याची ही हद्द आम्हाला आवडते, त्याला कारण आहे. असहाबे-कहफच्या किश्श्यात गुहेच्या उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसलेला एक कुत्रा आहे. लोकपरंपरेत त्याला कितमीर म्हणतात. कुरआनच्या अठराव्या सूरेत झोपलेल्या तरुणांची संख्या किती, यावर मतभेद नोंदलेत. पण प्रत्येक मोजणीत कुत्रा आहेच. आणि पाचव्या सूरेत शिकवलेल्या शिकारी प्राण्यांनी धरून आणलेलं खाण्याची परवानगी आहे. तिथं शिकवण्यासाठी आलेलं अरबी क्रियापद आणि आपली 'तालीम' एकाच धातूतून निघालेत. म्हणजे कुत्रा शिकतो, शिकू शकतो, ही गोष्ट तिथं गृहीत धरलेली आहे. मोहल्ल्यातल्या चर्चेत हे सहसा येत नाही.

आमच्याकडे आधी तीन होती. हौशी ही गावठी कुत्री, तेव्हा आठेक वर्षांची, नसबंदी झालेली, स्वभावानं करडी. भाल्या हा गावठीच, अंगानं दांडगा आणि मनानं मऊ. तिसरी बिजली, कारवानी. लांब पाय, आत गेलेलं पोट. मुधोळच्या घोरपडे संस्थानानं ज्यांना नाव मिळवून दिलं आणि ज्यांचं चित्र २००५ साली भारतीय टपाल तिकिटावर आलं, त्या जातीची ही सोयरीक. नाव मोठं, पण थंडी वाजली की पोत्यात सगळ्यांच्या आधी शिरणार.

२०२१ च्या जुलैत पंचगंगेला पूर आला. पाणी ओसरल्यावर शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीकडून एकानं चिखलात माखलेलं पिल्लू आणून आमच्या दारात ठेवलं. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव टिकल्या. डॉक्टरांनी दात बघून सांगितलं, पाच आठवड्यांचं असेल. आईचा पत्ता नव्हता. पहिले पंधरा दिवस त्याला जाळीच्या पलीकडे ठेवलं. पार्व्होचा रोग पिल्लांना दोन-तीन दिवसांत नेतो, तेव्हा लस आणि जंताचं औषध होईस्तोवर मिसळू द्यायचं नाही, असं ठरवलं होतं. वास मात्र जाळीतून इकडून तिकडे जात होते. कुत्र्यांची निम्मी ओळख तेवढ्यानंच होते.

पाच आठवडे ही वाईट वेळ. अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी अनेक वर्षं पिल्लं वाढवून निरीक्षणं केली. त्यांचं पुस्तक १९६५ साली आलं. पिल्लू तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्यापर्यंत जे पाहील, हुंगेल, ज्यांच्यात वावरेल, ते त्याचं जग बनतं, असं त्यांना दिसलं. याच दिवसांत आणखी एक धडा होतो, चावण्याच्या जोराचा. दुधाचे अठ्ठावीस दात सुईसारखे असतात. आईला ते रुतले की ती उठून निघून जाते. भावंडाला रुतले की ते केकाटतं आणि खेळ थांबतो. जोरानं चावलं की दूधही जातं, खेळही जातो, हे पिल्लाला हळूहळू उमगतं. टिकल्याचा हा वर्ग पुरात वाहून गेला होता. तो आमच्या घोट्यांना, भाल्याच्या कानाला, बिजलीच्या शेपटीला सारख्याच जोरानं चावायचा.

भाल्याचं आणि त्याचं जमलं ते बघण्यासारखं होतं. तालमीत नवं पोर आलं की वस्ताद त्याला आपला पाय धरायला देतो, दोन डाव लागू देतो, कधी मुद्दाम खाली बसतो. भाल्या तेच करायचा. पाठीवर लोळून पोट वर करायचा, टिकल्याला छातीवर चढू द्यायचा. मोठ्या कुत्र्यानं आपली ताकद अशी आवरून घेणं, हे खेळाचं लक्षण आहे. दुसरं लक्षण म्हणजे सलामी. कोपर जमिनीला टेकवायचे, ढुंगण वर, शेपटी हलती. मल्ल माती घेऊन हात मिळवतात ना, तसंच. यापुढचं सगळं खोटं खोटं, असा त्याचा अर्थ. त्यानंतर गुरगुर होते, दात दिसतात, धोबीपछाड होतो आणि तरी कुणाला काही होत नाही. मध्येच दोघं थांबतात, अंग झाडतात, पुन्हा भिडतात. आमची पोरं सुरुवातीला घाबरून मध्ये पडायची. अंग झाडून पुन्हा सलामी होते का, तेवढं बघा, असं आम्ही त्यांना सांगून ठेवलं. बिजलीचा खेळ वेगळा, पळण्याचा. टिकल्याला तिचा माग लागायचा नाही, मग तो अंगणाच्या मधोमध बसून रडायचा.

प्रश्न होता तो हौशीचा. तिला खेळायचंच नव्हतं. टिकल्या आला की आधी ती तोंड फिरवायची. मग जीभ ओठांवरून फिरायची. मग अंग ताठ, डोळ्याचा पांढरा भाग दिसायचा. मग ओठ वर, मग घशातून बारीक गुरगुर. एवढ्या सगळ्या पायऱ्या. टिकल्याला त्यातली एकही वाचता यायची नाही. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी त्यानं तिचा कान धरून ओढला. हौशीनं एकदा हवेत जबडा मिटला, आणि त्यानं सोडलं नाही तेव्हा त्याचं अख्खं तोंड आपल्या तोंडात धरून त्याला जमिनीशी दाबलं. पिल्लाची किंकाळी मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत गेली असेल. "खाल्लं की ओ पिल्लाला!" म्हणत गल्ली गोळा झाली. चुलतभावानं काठी उचलली. थोरल्या भाभींनी निकाल दिला, "ही म्हातारी त्याला मारणार. उद्याच्या उद्या हिला मळ्यात सोडून या." त्यांचं बोलणं उगाच नव्हतं, घरात रांगतं मूल होतं.

आम्ही काठी काढून घेतली आणि पिल्लू तपासलं. रक्त नाही, ओरखडा नाही, नाकावर फक्त लाळ. ते निपचित पडलं त्या क्षणी हौशीनं सोडलं होतं, पाठलाग केला नव्हता. अर्ध्या मिनिटानं टिकल्या पोटावर सरपटत परत तिच्याकडेच गेला, तिची हनुवटी चाटू लागला, आणि तिथंच त्याची थोडी लघवी झाली. भाभींना ती घाण वाटली. कुत्र्यांच्या भाषेत ती शरणागती आहे. तोंडाच्या कोपऱ्याशी चाटणं ही आईकडे खाणं मागायची पिल्लाची लकब आहे. हौशीनं तोंड फिरवलं, पण उठून गेली नाही.

रक्त निघालं असतं, गप्प पडल्यावरही तिनं सोडलं नसतं, किंवा त्यानंतर पिल्लू खाणं टाकून कोपऱ्यात लपलं असतं, तर ती गोष्ट निराळी होती. मग दोघांना वेगळं ठेवून डॉक्टर गाठायला हवा. इथं तसं काही नव्हतं. आम्ही भाभींना एवढंच म्हणालो की, गुरगुरण्याबद्दल हौशीला मारलं तर ती गुरगुरणं सोडेल, चावणं नाही. सूचना न देता चावणारं कुत्रं रांगत्या मुलाच्या घरात परवडत नाही. भाभी बोलल्या नाहीत. पण मळ्याचा विषय महिनाभर पुढं गेला. त्या महिन्यात आम्ही केलं ते इतकंच. हौशीसाठी परड्यात जुना बाजलं टाकला, पिल्लाला चढता येणार नाही इतक्या उंचीचा. टिकल्या फारच अंगात आला की त्याला उचलून जाळीमागं झोपवायचं. पिल्लं दिवसातले अठरा-वीस तास झोपतात. झोप अपुरी झाली की माणसाच्या पोरासारखीच उच्छाद मांडतात.

चार महिन्यांनंतर भाल्याही कडक झाला. हे पुष्कळ घरांत होतं आणि लोक म्हणतात, मोठं कुत्रं बिघडलं. बिघडत काही नाही. लहानपणाची सवलत संपते, एवढंच.

आमच्या ओळखीतले एक गृहस्थ सांगायचे, कळपात एकच म्होरक्या असतो, तुम्ही म्होरके व्हा, सगळ्यांना दाबून ठेवा. ही समजूत आली रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या अभ्यासातून. त्यांनी पाहिलेले लांडगे बंदिस्त होते. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकानं ती जगभर पसरवली, आणि त्याच मेक यांनी १९९९ साली लिहिलं की, रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं, बस्स. आमच्याकडचे हे गृहस्थ अजून १९४७ मध्येच आहेत.

दाबून ठेवण्यापेक्षा अंतर ठेवणं जास्त उपयोगी पडतं, हे बकरी ईदला कळतं. मटणाच्या वासानं चारही नाकं एका दिशेला. एरवीची दोस्ती हाडाजवळ टिकत नाही. म्हणून चार कोपरे, चार ताटल्या, मध्ये दार बंद, आणि ताटल्या उचलल्याशिवाय दार उघडायचं नाही. शिजलेलं हाड कुणालाच नाही. ते फुटून त्याची धार आतड्यात जाते. पाहुणे प्रेमानं रश्श्यातलं हाड टाकतात, त्यांच्यावर भाभींचाच पहारा असतो.

कोलकात्याच्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर बरंच काम केलंय. २०१४ च्या एका निबंधात त्यांनी नातवंडांना सांभाळणाऱ्या आजी कुत्रीची नोंद केली. २०१६ च्या निबंधात ९५ वेतांतली ३६४ पिल्लं होती. वयात येईपर्यंत जगली फक्त १९ टक्के, आणि मेलेल्यांपैकी ६३ टक्क्यांच्या मरणात माणसाचा हात होता. तो आकडा वाचला तेव्हा हौशी परड्यात बाजल्यावर होती आणि टिकल्या खाली, तिच्या लोंबत्या शेपटीकडे बघत, शेपटीला न शिवता बसला होता.

हौशी २०२४ च्या हिवाळ्यात गेली. परड्यातल्या पेरूखाली पुरली.

भाभींचा नातू तेव्हा शाळेत जायला लागला होता. त्याच सुमारास एकदा तो टिकल्याला भाकरीचा तुकडा भरवत होता, आणि घाईत तुकड्याबरोबर त्याची बोटंही आत गेली. टिकल्याचा जबडा मिटता मिटता थांबला, उघडला. भाकरी खाली पडली, मग त्यानं ती जमिनीवरून उचलून खाल्ली. भाभी धावत आल्या. नातवाचा हात त्यांनी उजेडाकडे धरून उलटसुलट न्याहाळला. मग नळाखाली तीनदा धुतला, आणि दुसरा तुकडा त्याच्या हातात देत म्हणाल्या, "आता तळहातावर ठेवून दे."