उजनीच्या आधीचं पाणी

सात रस्ता, सोलापूर

चि. भाचीस,

पाणीपुरवठ्याच्या अभ्यासासाठी तू सोलापूर निवडलंस, हे वाचून घरात सगळ्यांना आनंद झाला. आजी लगेच म्हणाली, "तिला आधी सिद्धेश्वराचं तळं बघायला सांग." आजीची ती श्रद्धा आहे, पण तुझ्या अभ्यासाची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी.

इथला पाऊस वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. अशा मुलखात बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून ते तळं खोदलं. पुढे इंग्रजी अमदानीत आदिला नदीवर बांध घातला गेला आणि 1871 मध्ये एकरूख तलाव, म्हणजे आपला हिप्परगा, पुरा झाला. पाचच वर्षांत 1876 चा दुष्काळ आला. काळ वेगळा, राज्यकर्ते वेगळे, पण दोन्ही वेळा पाणी गावाजवळ अडवलं गेलं.

शेतकऱ्याचाही हिशेब तोच होता. मोहोळला निवडीतून तयार झालेली मालदांडी ज्वारी पाऊस सरता सरता पेरायची आणि काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर काढायची. थंडीत पाटाचं पाणी नसलं तरी कणीस भरतं. त्याच जिल्ह्यात आज उसाचे फड आणि साखर कारखाने जागोजागी दिसतात. हा बदल मला काळजीचा वाटतो.

दरम्यान 1980 मध्ये भीमेवर उजनी धरण पूर्ण झालं. धरण 117 टीएमसीचं, पण त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. या धरणानं जिल्ह्याला खूप दिलं, हे मान्यच करायला हवं. चूक झाली ती पुढे: शंभरेक किलोमीटरवरचं पाणी मिळताच जवळच्या तळ्यांकडे पाठ फिरवली गेली. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या घरात, म्हणजे मृतसाठ्याच्याही आत, गेलं, तेव्हा शहराच्या तोंडचं पाणी पळालं.

सात रस्त्यामागच्या गल्ल्यांत पाण्याचा दिवस उजाडला की मोटारी घरघरू लागतात. बॅरल, घागरी, पातेली, आंघोळीच्या बादल्यासुद्धा काठोकाठ भरतात. चार-पाच दिवसांपूर्वीचं उरलेलं पाणी 'शिळं' म्हणून मोरीत ओतलं जातं. रोज थोडं पण खात्रीनं पाणी आलं, तर ही नासाडी आपोआप थांबेल.

उजनीहून येणाऱ्या समांतर जलवाहिनीमुळे पाणी जास्त आणता येईल, पण ते येणार त्याच धरणातून. तुझा आराखडा पाइपांच्या व्यासापासून सुरू करू नकोस. आधी हिप्परग्यात गाळ किती साठलाय ते मोज, तळ्यांकडे येणारे ओढे कुठे बुजवलेत ते नकाशावर दाखव, आणि उजनी आटलं तर शहराला किती दिवस पाणी पुरेल, हा आकडा पहिल्या पानावर लिही.

तुझा,
मामा