पाहुण्या संघाचा माणूस

सापुताऱ्याचा घाट ओलांडून वणी-दिंडोरीमार्गे नाशिककडे येणाऱ्या रस्त्यावर, शहराच्या अलीकडे म्हसरूळ लागते. बडोद्याहून रात्रभर प्रवास करून आलेले ते सत्तरीचे गृहस्थ २२ जानेवारी २०२५ च्या पहाटे तेथेच उतरले. हातात एक पिशवी, पिशवीत चार दिवसांचे खाखरे आणि एक जाड बांधणीची वही. समोर गजपंथाचा डोंगर अंधारात उभा होता. सात बलभद्र आणि आठ कोटी मुनी येथून मोक्षाला गेले, अशी आपली परंपरा सांगते. थंडी बोचरी होती. उजाडल्यावर चारशेहून अधिक पायऱ्या थांबत थांबत चढून त्यांनी लेण्यांतील जिनबिंबांचे दर्शन घेतले आणि पायथ्याच्या धर्मशाळेत खोली मागितली.

"यात्रेला आलात?" व्यवस्थापकांनी विचारले.

"यात्राही आहे," ते संकोचून म्हणाले. "पण खरं सांगायचं, तर क्रिकेटला आलोय. उद्यापासून बडोद्याचा सामना आहे ना!"

अमेरिकेत बेसबॉलचे असे निस्सीम भक्त पुष्कळ आढळतात. तेथील प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो, त्यांतील ८१ परगावी. आणि हे भक्त रजा काढून, गावोगावची मैदाने गाठून आपल्या संघामागे हिंडतात. आपल्याकडे भारतीय संघामागे जाणारे दिसतात. रणजी संघामागे जाणारा मात्र विरळाच. रणजीचा सामना चार दिवस चालतो आणि त्याला ना रोषणाई, ना वाजंत्री. मात्र चौविहार पाळणाऱ्या श्रावकाला हाच खेळ सोयीचा, हे त्या गृहस्थांचे मत विचार करण्याजोगे आहे. नवकारसी उरकून साडेनऊला मैदानावर हजर राहता येते आणि खेळ संपल्यावर सूर्यास्तापूर्वी जेवणही होते. रात्रीच्या झगमगाटातील सामने त्यांनी कधी पाहिलेच नाहीत.

हा छंद त्यांना लावला तो त्यांच्या मराठी शेजाऱ्याने. बडोद्यात गुजराती आणि मराठी घरे भिंतीला भिंत लावून पिढ्यान्‌पिढ्या नांदली. त्यामुळे यांची मराठी अस्खलित, जरा जुन्या वळणाची. दोघे मिळून पस्तीस वर्षे परगावचे सामने पाहत आले. तिकिटे आणि मुक्काम हे पाहणार; शेजारी वहीत धावफलक लिहिणार. वाद ठरलेला असे, तो विजय हजाऱ्यांवरून. सांगलीत जन्मलेल्या हजाऱ्यांनी १९३९-४० च्या हंगामात पुण्याला महाराष्ट्रातर्फे नाबाद ३१६ धावा केल्या, त्या नेमक्या बडोद्याविरुद्ध. पुढे तेच हजारे बडोद्याचे झाले आणि १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात गुल महंमद यांच्यासह त्यांनी होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी रचली. मग हजारे कोणाचे? शेजारी म्हणत, "आमचे." हे म्हणत, "तुम्ही दिलेत, आम्ही सांभाळले."

शेजारी गेल्या पावसाळ्यात वारले. वही त्यांच्या मुलाने आणून दिली. मागची काही पाने कोरी होती.

नाशिकचे गोल्फ क्लब मैदान, म्हणजेच हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, हे मोठ्या शहरांतील बंदिस्त क्रीडागारांसारखे नाही. एरवी सकाळ-संध्याकाळ येथे फेऱ्या मारणाऱ्यांची वर्दळ असते. १९०९ च्या डिसेंबरात याच नाशकात, विजयानंद नाट्यगृहात, जिल्हाधिकारी जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या आणि पुढच्या एप्रिलमध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या तरुणाचे नाव या मैदानाला आहे. नाशिककरांना रणजीचे अप्रूप मोठे. सत्यजित बच्छाव, माया सोनवणे, साहिल पारख ही नावे येथे घरच्या मुलांसारखी घेतली जातात.

अशा घरच्या गर्दीत बडोद्याच्या गड्याने चेंडू अडवला की एकच टाळी वाजे. शेजारी बसलेली मुले वळून पाहत.

"काका, तुम्ही बडोद्याचे? मग मराठी कशी बोलता?"

"अरे, आमचे सयाजीराव महाराज तुमच्याच जिल्ह्यातले. मालेगावजवळचे कवळाणे. १८७५ साली दत्तक आले आमच्याकडे," काका उत्तरले. "आणि तुमचा कर्णधार कोण? गायकवाड! आता सांगा, परका कोण?"

मुले हसली. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांसाठी सावलीतली जागा धरून ठेवली. बिनकांद्याची मिसळ कोठे मिळेल, याचीही चौकशी करून आली.

मैदानावर मात्र पाहुणचार नव्हता. बडोदा त्या फेरीपूर्वी गटात अव्वल होता. एक चांगला निकाल लागला असता, तर बाद फेरी हाताशी होती. महाराष्ट्राच्या २९७ धावांपुढे बडोद्याचा डाव १४५ वर आटोपला. दुसऱ्या डावात महाराष्ट्राने ७ बाद ४६४ वर डाव सोडला. काकांची पेन्सिल थांबली नाही. शेजाऱ्याच्या बारीक अक्षरापुढे त्यांचे अक्षर ओबडधोबड होते, रकाने वाकडे जात होते.

त्या रात्री धर्मशाळेत ते सामायिकाला बसले, पण चित्त लागेना. अठ्ठेचाळीस मिनिटांत किती वेळा तो धावफलक डोळ्यांपुढे आला, हे त्यांनी स्वतःच दुसऱ्या दिवशी मुलांपाशी कबूल केले. आयुष्यभर समभावाची प्रवचने ऐकायची आणि अकरा जणांच्या खेळाने झोप उडवून घ्यायची! रागाचे मूळ फार खोल असते, असे म्हणून ते गप्प झाले. पराभवाचे दुःख म्हणावे, तर तेवढेच ते नसावे.

बडोद्याचा दुसरा डाव १७७ वर संपला. गर्दी जल्लोषात उठली. काका बसूनच होते. २९७ आणि ४६४ मिळून ७६१, १४५ आणि १७७ मिळून ३२२, फरक ४३९. त्यांनी बेरीज-वजाबाकी पुन्हा एकदा पडताळली आणि मगच आकडा शाईने लिहिला. त्याखाली नेहमीच्या जागी, जेथे शेजारी स्वतःची सही करीत, तेथे त्यांनी आधी शेजाऱ्याचे नाव घातले आणि मग आपले.

पुढे अखेरच्या साखळी सामन्यात बडोदा घरच्या मैदानावर जम्मू-काश्मीरकडूनही हरला आणि स्पर्धेबाहेर गेला. पण नाशिकला त्या दिवशी ती आशा अजून शिल्लक होती. मुलांनी काकांना सिटीलिंकच्या थांब्यापर्यंत सोडले.

"काका, पुन्हा या. पुढच्या वेळी जिंकून जा."

"वहीत अजून सहा पाने आहेत," काका म्हणाले. सूर्य मावळतीकडे कलला होता. त्यांनी पिशवीतून बाटली काढली, उभ्या उभ्या पाणी प्यायले आणि म्हसरूळच्या बसमध्ये चढले.