अर्थ लागत नाही

मोटारीच्या बॅटरीला दोन टोकं असतात आणि आपलं सगळं लक्ष लाल टोकाकडे असतं. लाल वायर सेल्फला जाते, दिव्यांना जाते, हॉर्नला जाते. काळी वायर जेमतेम हातभर लांब, शेजारच्या पत्र्याला आणि गिअरबॉक्सला एकेका बोल्टने कसलेली. तिच्याकडे कुणी बघत नाही. पण लाल वायरीने बाहेर पडलेला सगळा करंट शेवटी या काळ्या वायरीनेच बॅटरीत परत येतो. प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी वायर द्यायची तर तांबं दुप्पट लागेल, म्हणून गाडीचा पत्राच परतीची वाट म्हणून वापरतात. जुनी काटकसर आहे ही. १८३८ साली कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइलने तारायंत्राच्या परतीच्या तारेचं काम जमिनीवर सोपवता येतं हे दाखवलं, तेव्हाही निम्मी तार वाचलीच होती.

गाडी रबरी टायरांवर उभी असते, तिच्या बॅटरीला जमिनीशी काही देणंघेणं नसतं. तरी आपल्याकडे गॅरेजमध्ये या काळ्या वायरीला 'अर्थ'च म्हणतात. आणि ती सैल झाली की मिस्त्री गंभीर चेहऱ्याने सांगतात, "ताई, अर्थ लागत नाहीये." मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल शिकवते, तरी हे वाक्य ऐकून हसू आवरत नाही.

आमच्या आईच्या गाडीच्या बाबतीत मात्र हे वाक्य कुणी उच्चारलंच नाही. प्रश्न तिथेच होता.

आई एकोणसत्तर वर्षांची. रत्नागिरीपासून वीसेक किलोमीटरवर खाडीकाठच्या गावात एकटी राहते. बाबा गेल्यावर त्यांची छोटी पेट्रोल गाडी ती चालवायला लागली. बँक, बाजार, भजन तर झालंच, पण रात्री-अपरात्री शेजारच्या कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं तरी हाक तिलाच येते. गाडीला चौदावं वर्ष चालू होतं. गेल्या पावसाळ्यापासून ती गाडी रुसायला लागली. सकाळी चालू व्हायची, पण बाजारात अर्धा तास थांबून परत निघताना नुसतं 'टक्'. दोनदा भाजीवाल्या पोरांनी ढकलून चालू करून दिली. बॅटरी नवी घातली, सेल्फ खोलून कार्बन बदलून झाले. मधल्या काळात क्लच जड झाला म्हणून क्लचची केबल बदलली. ती पाच महिन्यांत पुन्हा जड झाली. पुन्हा बदलली.

दुसऱ्यांदा केबल बदलताना गॅरेजमध्ये कुणीतरी सहज म्हणालं, "काकू, वयामुळे पायात जोर कमी येतो." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आईने ते वाक्य घरी आणलं. फोनवर ती मला म्हणाली, "पाय थकलाय गं माझा." त्याच सुमारास तिचं लायसन्स नूतनीकरणाला आलं होतं. पंचावन्न वर्षांनंतर लायसन्स एका वेळी पाचच वर्षांचं मिळतं आणि त्याला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. दादाचं म्हणणं, या वेळी करायलाच नको, गाडी विकून टाकू. त्याची काळजी खरी होती. रात्री नऊ वाजता घाटरस्त्यावर गाडी बंद पडली तर काय, या प्रश्नाला उत्तर कुणाकडेच नव्हतं. मी एवढंच म्हटलं, की आईचा पाय आणि गाडी यांतलं नक्की काय थकलंय ते आधी मोजू.

मोजायचं कारण ती क्लचची केबल. इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेलं असतं, नाहीतर त्याची सगळी थरथर बॉडीत उतरेल. रबरातून वीज जात नाही, त्यामुळे सेल्फचा करंट इंजिनातून बॅटरीकडे परत यायला गिअरबॉक्सवर कसलेली अर्थ वायर हीच वाट. ती वाट बुजली तर करंट थांबत नाही, तो दुसरी वाट शोधतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारं दुसरं लोखंड म्हणजे क्लचची केबल. सेल्फ मारताना शंभर-सव्वाशे अँपिअरचा मोठा वाटा त्या बारीक केबलीतून जायला लागला की ती तापते, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळतं आणि तार आत घासायला लागते. पायाला पेडल जड लागतं. मला ही शंका होती, पण शंकेवर पाने-पक्कड काढायची नसते.

गावी गेल्यावर पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवला, म्हणजे इंजिन फिरतं पण चालू होत नाही. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या काळ्या खुंटीवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. आईला म्हटलं, "सेल्फ मार." मीटरवर १.४ व्होल्ट. तिथे ०.२च्या आसपास काहीतरी दिसायला हवं होतं. बॅटरी त्या क्षणी साडेदहा व्होल्ट देत होती आणि त्यातला जवळजवळ दीड व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्च होत होता. क्लचच्या केबलीला हात लावला, ती कोमट झाली होती.

हिशेब साधा आहे. ओहमच्या शंभराव्या भागाइतका विरोध असला आणि त्यातून १०० अँपिअर गेले, तर १ व्होल्ट तिथेच जातो. इतका लहान विरोध साध्या मीटरवर ओहममध्ये मोजताच येत नाही. टेस्ट लॅम्प लावला तर तोही छान पेटतो, कारण त्याला लागणारा करंट वायरीतली एखादी शाबूत तार सहज वाहून नेते. म्हणून मिस्त्रींना दोष देववत नाही. त्यांनी बघितलं तेव्हा दिवा पेटला होता. भार टाकल्याशिवाय हा आजार दिसत नाही.

बाकी काम एका दुपारचं. हार्डवेअरच्या दुकानातून वेल्डिंगची केबल घेतली, २५ चौरस मिलिमीटरची, तांब्याची. बारीक तारांची असल्यामुळे ती मऊ असते आणि इंजिनच्या थरथरीने तुटत नाही. टोकाला लावायचे तांब्याचे लग घेतले, वरून कथिल चढवलेले. आई ते हातात घेऊन म्हणाली, "कल्हई केलीय की याला!" अगदी तेच. ज्या कारणासाठी पितळेच्या पातेल्याला कल्हई लागते त्याच कारणासाठी खाडीच्या हवेत या लगांना लागते, नाहीतर तांबं कळकतं. सगळा खर्च दीड हजाराच्या आत.

लग दाबायचं काम इलेक्ट्रिशियनच्या मोठ्या क्रिंपिंगच्या हत्याराने करून आणलं. हातोडीने चेपलेला लग दोन वर्षांत सैल होतो. वर हीट श्रिंकची नळी चढवली. गाडीवर काम करताना बॅटरीचं काळं टोक आधी सोडवायचं आणि सगळ्यात शेवटी जोडायचं. उलट केलं तर लाल टोकावरचा पाना चुकून पत्र्याला टेकतो आणि ठिणग्यांचा पाऊस पडतो.

जुनी वायर काढली. वरून काळी कुळकुळीत, निरोगी. लगाजवळ प्लास्टिक सोललं तर आत हिरवी भुकटी, आणि निम्म्याहून अधिक तारा बोटाने चुरडल्यावर तुटत होत्या. मी ती आईच्या हातात दिली. ती बराच वेळ बघत राहिली.

बोल्टाखालची जागा पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत केला. बॉडीवर रंगाच्या थरावरच लग कसला तर सगळी मेहनत फुकट जाते. तीन वायरी घातल्या: बॅटरी ते गिअरबॉक्स, बॅटरी ते बॉडी, इंजिनचं हेड ते बॉडी. बोल्ट कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली फासली. क्लचला पुन्हा नवी केबल घातली, कारण वितळलेलं अस्तर काही परत येत नाही.

पुन्हा तेच मोजमाप. ०.१५ व्होल्ट. सेल्फचा आवाजच बदलला होता.

अशा कामाला हल्ली 'अपग्रेड' म्हणतात. २००० नंतरच्या काळात जपानमध्ये तर रंगीबेरंगी अर्थिंग किटची मोठी टूम होती. इंजिनची ताकद वाढते, मायलेज वाढतं, असे दावे केले जायचे. मूळ वायर धड असेल तर जाड वायर घालून जवळजवळ काही हाती लागत नाही, हे मीटर लगेच सांगतो. वायर कुजलेली असेल तर जे मिळतं ते मूळचंच असतं. आईच्या गाडीला नवं काही मिळालं नाही. तिची हक्काची सव्वा व्होल्ट परत मिळाली.

आईला मात्र जे परत मिळालं ते व्होल्टमध्ये मोजता येणार नाही. तिने क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. म्हणाली, "मग वर्षभर मी उगाचच पाय चोळत बसले होते." म्हातारपणाचं हेच वाईट. आसपास काहीही बिघडलं तरी खर्च त्याच्या खात्यावर टाकता येतो, आणि खातेदारही निमूट सही करतो.

तिचं वय त्या दुपारी कमी झालं नाही. दादाची काळजीही खोटी ठरली नाही. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा तिला त्रास होतो, हे तिने स्वतःहून सांगितलं, आणि अंधार पडल्यावर घाटात जायचं नाही हेही तिनेच ठरवलं. एक दिवस ती किल्ली खाली ठेवेल. तो तिने तिच्या डोळ्यांचं, तिच्या पायाचं ऐकून ठरवलेला दिवस असावा, एवढीच माझी इच्छा आहे.

लायसन्स पाच वर्षांसाठी मिळालं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दसऱ्याच्या चौकटीत आईने पेनाने लिहून ठेवलंय: 'हार घालण्याआधी काळी वायर बघणे. दहाचा पाना कपाटात.'